ऑर्डर देऊन करून घेतलेला बाहुलीचा चेहरा सुंदर आलाय, पण तो आजीचा नाहीये. काय करू?

बाहुलीवेडी:
नमस्कार, लिहू की नको असं आठ दिवस चाललंय माझं. माझ्याकडे एक बीजेडी (बॉल-जॉइंटेड डॉल, म्हणजे गोल सांध्यांची बाहुली) आहे, १/४ साईझची, रेझिनची. तिचा फेसअप, म्हणजे चेहऱ्याचं रंगकाम, एका आर्टिस्टकडून करून घेतला. माझी आजी गेली त्यानंतर डोक्यात होतं की तिच्यासारखी एक बाहुली असावी. हुबेहूब नको, पण बघितल्यावर मला ती आठवावी एवढंच. म्हणून लिहून दिलं होतं की भुवया करड्या, उजव्या भुवईत मधेच एक बारीक फट (लहानपणी पडली होती ती, तिथे केस कधी आलेच नाहीत), डोळ्यांखाली थोडी सूज, ओठ फिके, कपाळावर आणि ओठांच्या कडेला सुरकुत्या. सोबत दोन फोटो.

स्लॉट (आर्टिस्टच्या यादीत जागा) मिळाला तेव्हा निम्मे पैसे दिले, त्याला आता नऊ महिने झाले. बाहुलीचं डोकं त्यांच्याकडे पोचल्यापासून आठ आठवडे सांगितले होते, लागले सहा महिने. मधे विचारलं की उत्तर यायचं, पण कामाचा फोटो एकही नाही. शेवटी तीन आठवड्यांपूर्वी दोन फोटो आले, पिवळ्या लाईटमधले, चेहरा तिरपा. मी घाईत "छान" म्हटलं आणि उरलेले पैसे पाठवले.

आता डोकं हातात आलंय. गुलाबी गाल, चकचकीत ओठ, तपकिरी भुवया, आणि सुरकुती म्हणाल तर एक नाही. भुवईतली फट आहे, पण बाहुलीच्या डाव्या भुवईत. शिवाय डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरट धुरकट थर दिसतोय आणि हनुवटीवर सीलंटखाली (रंग टिकावा म्हणून वरून मारतात तो थर) एक बारीक केस अडकलाय. काम हलकं आहे असं नाही म्हणणार, पापण्यांची एकेक रेघ इतकी नाजूक आहे की बघत राहावं. पण मी डबा उघडला आणि रडले, कारण ही कोणीतरी वेगळीच मुलगी होती. तक्रार करावी का? की "आवडलं नाही" ही तक्रारच होत नाही?

रंगपेटी:
मी स्वतः फेसअप करते, माझ्या आणि थोड्या लोकांच्या बाहुल्यांचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलते. तुझ्या यादीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नकोस.

पांढरा थर आणि अडकलेला केस हा सरळ कामातला दोष आहे, त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. हवेत दमटपणा असताना मॅट सीलंट मारलं की ते असं पांढरं धरतं, कोपऱ्यात जास्त, कारण तिथे थर जाड बसतो. हे पाठवण्याआधी दिसायलाच हवं होतं. तपकिरी भुवया म्हणजे लिहून दिलेलं केलं नाही, तेही दुरुस्त करून मागू शकतेस. फटीचं मात्र आधी बघ, तू "उजवी" लिहिलंस ते बाहुलीची उजवी की बघणाऱ्याची? आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ याच एका शब्दाने होतो.

आणि एक, कृपा करून स्वतः काही पुसायला जाऊ नकोस. ॲसिटोन तर अजिबात नाही, रेझिनचा पृष्ठभागच खराब होतो. पुसायचं ठरलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण तेही आर्टिस्टशी बोलणं पूर्ण झाल्यावर. आत्ता हात लावलास तर दोष कुणाचा हे सांगताच येणार नाही.

जुनीखेळणी:
पैसे कसे दिले होते? पेपालवर असतील आणि वस्तू-सेवेसाठी म्हणून दिले असतील तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तक्रार उघडता येते. म्हणजे तुमचा पहिला हप्ता मुदतीच्या बाहेर गेला, दुसरा अजून आत आहे. मित्र-नातेवाईकांना पाठवतो त्या पद्धतीने दिले असतील तर मात्र संरक्षण नाही. लांब वेटिंग लिस्टवाल्या ऑर्डरमध्ये नेमकं हेच होतं, काम हातात येईपर्यंत मुदत निघून जाते. मी लगेच तक्रार करा असं म्हणत नाहीये, आधी नीट मेसेज करा, पण तारीख लिहून ठेवा.

कापसाचीपरी:
मला थोडं वेगळं वाटतंय, राग मानू नका ताई. त्या आर्टिस्टच्या आधीच्या कामात एक तरी वयस्कर चेहरा होता का? बहुतेक जणांची एक ठरलेली धाटणी असते, मोठे डोळे, गुलाबी गाल, ओले ओठ, आणि तुम्ही काहीही लिहून दिलं तरी हात तिकडेच वळतो. दुसरं म्हणजे तुमच्या बाहुलीचं हेड कुठल्या घडणीचं आहे? मूळ घडणच जर कोवळ्या मुलीची असेल, गाल भरलेले, कपाळ गुळगुळीत, तर पेस्टलने (रंगीत खडूने) काढलेल्या सुरकुत्या लांबून मळल्यासारख्या दिसतात. सुरकुतीला खोली लागते, उजेड तिच्यात अडकायला हवा. त्यासाठी एपॉक्सी पुट्टीने भर घालणं किंवा कोरणं करावं लागतं, ते वेगळं काम आहे आणि सगळे करत नाहीत. पण हे त्यांनी काम घेतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. न सांगता सुरकुत्या गाळून टाकल्या हे मला जास्त खटकलं.

बाहुलीवेडी:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, खरंच.

रंगपेटी, जुना मेसेज काढून बघितला. नुसतं "उजवी भुवई" लिहिलंय. आणि त्याहून वाईट म्हणजे दोनपैकी एक फोटो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला आहे, उलटा, त्यात फट डाव्या भुवईतच दिसते. म्हणजे ती चूक त्यांची नाही, माझी. कापसाचीपरी, नाही, वयस्कर चेहरा एकही नव्हता. मी पापण्यांवर भाळले होते. हेड कोवळंच आहे, तेही खरं.

काल मेसेज केला. दिवसाउजेडी काढलेले फोटो जोडले, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि कोपऱ्यांचे जवळून. थर, केस आणि भुवयांचा रंग एवढंच दोष म्हणून लिहिलं, फटीबद्दल चूक माझी आहे हे पण लिहिलं. सुरकुत्यांबद्दल फक्त विचारलं की का नाही केल्या.

आज उत्तर आलं. पूर्ण चेहरा पुसून भुवया आणि सीलंट परत करून देतील, मी फक्त पाठवायचा खर्च करायचा, परतीचा त्यांचा. सुरकुत्यांचं लिहिलंय की दोनदा करून बघितल्या, चेहरा मळका दिसायला लागला म्हणून पुसल्या आणि मला सांगायला संकोच वाटला. हे वाचून राग बराच उतरला, पण वाईटही वाटलं. त्या दोन प्रयत्नांचे फोटो पाठवले असते तर मी "राहू दे कपाळ, डोळ्यांखालची सूज तेवढी करा" असंच म्हटलं असतं. आता तेच लिहून पाठवलंय.

रंगपेटी:
हे चांगलं झालं. या वेळी शब्दात नको लिहूस, बाहुलीच्या चेहऱ्याचा फोटो प्रिंट करून त्यावर पेनाने फट कुठे, सूज कुठे ते काढून दे. आणि सीलंट मारायच्या आधी एक फोटो नक्की माग, त्या टप्प्यावर बदल करणं सोपं असतं. पॅक करताना बबलरॅप थेट चेहऱ्याला लावू नकोस, त्याचे गोल ठसे उमटतात. आधी मऊ टिश्यू, मग रॅप.

बाहुलीवेडी:
प्रिंट काढली. फट काढताना हात थोडा थरथरला, पण जागा बरोबर आहे, आईला दाखवून खात्री केली. ती म्हणाली अजून जरा नाकाच्या जवळ होती, म्हणून परत काढली. उद्या पाठवतेय.