ऑप्टिकल डेटा स्टोरेजच्या मटेरियल्समध्ये पीएचडी करायचीय, फंडिंगचं कसं जमवायचं?

नाशिककर_फिजिक्स
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्स झालंय, प्रोजेक्टला जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमच्या (सगळे जीएसटी म्हणतात) थिन फिल्म्स केल्या होत्या. रीरायटेबल ब्लू-रेमध्ये याच घराण्यातली मटेरियल्स वापरतात. लेसरने वितळवून झटक्यात थंड केलं की अमॉर्फस (अणूंची रचना विस्कळीत) होतं, त्याहून कमी तापमानाला थोडा वेळ तापवलं की परत क्रिस्टलाइन (रचना नीट रांगेत), आणि दोन्हींची चमक वेगळी असल्यामुळे त्या फरकावरच सगळा डेटा लिहिला जातो. मायक्रोस्कोपखाली ते ठिपके स्वतः बघितल्यापासून यातच पुढे काम करायचं असं पक्कं झालंय. यूकेतली एक जाहिरात बघितली, काचेत डेटा साठवण्यावर आहे, त्यात 'फुली फंडेड' लिहिलंय पण खाली होम फी असंही आहे, मग आपल्याला मिळतं की नाही?? घरून पैसे घालणं शक्य नाही, बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. आणि इथे करावं तर ऑप्टिकल स्टोरेज या नावाने कुठेच जागा दिसत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

कोथरूड_ते_ग्लासगो
अरे मी इथे फोटॉनिक्समध्येच (प्रकाशावर चालणारी उपकरणं) पीएचडी करतेय, तर सांगते. होम फी म्हणजे ग्रँटमधून फी जाणार ती इथल्या मुलांच्या दराने, आणि बाहेरच्यांची फी त्याच्या कितीतरी पट असते. पण पैसा नक्की कुणाचा आहे ते आधी बघ. यूकेआरआयचा, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा असेल (इंजिनिअरिंग-फिजिक्सचं ईपीएसआरसी त्यातलंच) तर २०२१ पासून आपल्यालाही पूर्ण फंडिंग मिळू शकतं आणि फीतला फरक युनिव्हर्सिटी तुझ्याकडून मागू शकत नाही, फक्त बाहेरच्या मुलांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवतात त्यामुळे चुरस जबरदस्त असते. पैसा कंपनीचा किंवा युनिव्हर्सिटीचा स्वतःचा असेल तर हा नियम लागू नाही, तेव्हा सुपरवायझरला सरळ एका ओळीत विचार की फीतला फरक कोण भरणार, यात लाजण्यासारखं काहीच नाही आणि उत्तर लेखी घे.
यूकेआरआयचा किमान स्टायपेंड २०२५-२६ ला वर्षाला २०,७८० पाउंड होता, टॅक्स नाही, एकट्याचं नीट भागतं. खरी अडचण निघायच्या आधी येते. व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा, म्हणजे चार वर्षांचे तीन हजार पाउंडच्या वर आणि अजून पहिला स्टायपेंड हातात नाही! काही डिपार्टमेंट हे परत देतात, ऑफर आली की लगेच विचार. शिवाय भारतीयांना या विषयात एटास सर्टिफिकेट (संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांसाठी यूके सरकारची मंजुरी) लागतं, फी नाही पण वेळ लागतो आणि ते आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही.

चष्मेवाले_सर
मी इथल्या एका कॉलेजात शिकवतो, माझे दोन विद्यार्थी याच भागात आहेत म्हणून लिहितो. आपल्याकडे फेलोशिप विषयाला नसते, विद्यार्थ्याला असते. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) काढलीस की महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (सीनियर फेलोशिप) ४२,००० (जानेवारी २०२३ पासूनचे दर), वर एचआरए, आणि मग गाइड तू निवडायचास. एमएस्सीला विद्यापीठात पहिला असशील तर केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिपही बघ.
दुसरं म्हणजे शोधताना चाल्कोजेनाइड ग्लास (सल्फर, सेलेनियम, टेल्युरियमच्या काचा), फेज-चेंज मेमरी, फेम्टोसेकंद लेसर रायटिंग (अतिशय छोट्या लेसर पल्सने लिहिणं) असं टाक, जागा दिसायला लागतील. तुझंच जीएसटी आज फोटॉनिक (प्रकाशावर चालणाऱ्या) चिपवर स्विच म्हणून वापरायचा प्रयत्न चालू आहे. काचेसाठी कोलकात्याचं सीजीसीआरआय, लेसरसाठी इंदूरचं आरआरकॅट, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियल्ससाठी पुण्यातलं सी-मेट तर तुला जवळच.
आणि मुलाखतीत डिस्कचं भविष्य काय हे हमखास विचारतील. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं बंद केलं हे खरं, पण प्रश्न आता दीर्घकाळ टिकणाऱ्या साठवणीचा आहे. साउदम्प्टनच्या गटाने क्वार्ट्झमध्ये नॅनोरचना लिहून एका डिस्कवर ३६० टेराबाइटपर्यंत मावेल असं मांडलं, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७५ मिलिमीटरच्या काचेच्या चौकोनात अख्खा सिनेमा ठेवला. अडतंय कुठे, तर लिहिण्याच्या वेगात. साउदम्प्टनवाल्यांचाच २०२१ चा आकडा सेकंदाला साधारण २३० किलोबाइट होता, त्या वेगाने ३६० टेराबाइट भरायला किती वर्षं लागतील ते स्वतः गणित करून बघ. प्रपोजल लिहायचं तर या अडचणीवर लिही, कमी ऊर्जेत आणि कमी पल्समध्ये खूण उमटेल असं मटेरियल कसं मिळेल यावर. क्षमतेच्या गप्पा सगळेच मारतात.

सातारी_संशोधक
सरांशी सहमत. त्यात एवढंच जोडतो की तू ज्या प्रवर्गात बसत असशील त्याप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप बघ. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नको, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव.

नाशिककर_फिजिक्स
ताई, सर, दादा, मनापासून आभार! जाहिरात परत वाचली, पैसा ईपीएसआरसीचाच आहे, तरी फीबद्दल आणि हेल्थ सरचार्जबद्दल सुपरवायझरना आज मेल टाकला. नेटचा फॉर्मही भरतोय, ते काही सोडत नाही. सर, वेगाचं गणित केलं, जवळपास पन्नास वर्षं येतात!! जीएसटीच्या पातळ थरांवर कमी ऊर्जेच्या पल्सचा थोडा डेटा माझ्याकडे पडून आहे, त्यावरून दोन पानी प्रपोजल लिहिलं तर तुम्ही एकदा नजर टाकाल का?