सत्तावन्नच्या बेल एअरच्या शेपट्या घासून टाकणं मला अजिबात पटत नाही

पत्रेवाला, पुणे

परवा एका ओळखीच्या मॉडेलवाल्याने फोटो पाठवले. १९५७ च्या शेवरोले बेल एअर या अमेरिकन गाडीचं १/२५ किट, म्हणजे खरी गाडी पंचवीस पट लहान करून जोडायचे प्लास्टिकचे पार्ट, छप्पर कापून चार मिलिमीटर खाली आणलेलं, मागच्या शेपट्या, म्हणजे मागे वर उठलेल्या टोकदार कडा, घासून गोल केलेल्या, बाजूची क्रोमची पट्टी गायब आणि वर जांभळा कँडी रंग. काम सफाईदार आहे यात वादच नाही, रंगात धुळीचा एक कण सापडत नव्हता. पण बघून मला खरंच वाईट वाटलं आणि दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय.

सत्तावन्नची बेल एअर ओळखायची कशावरून? त्या शेपट्यांवरून, पुढच्या सोनेरी जाळीवरून आणि मागच्या मडगार्डवर क्रोमच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून. हे तिन्ही काढलं तर उरलं काय, कुठलीही गाडी! मी स्वतः हीच गाडी दिवाळीत सुरू केली ती होळीला संपली. खाली ट्रॉपिकल टर्क्वाइज आणि छप्पर इंडिया आयव्हरी, हो, शेवरोलेच्या त्या काळच्या पांढऱ्याचं नावच इंडिया आयव्हरी होतं. परदेशातून स्प्रेचे डबे विमानाने येत नाहीत, म्हणून नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात नमुना दाखवून तीनदा शेड मिसळून घेतली, तिसऱ्यांदा जमली. मग क्रोमच्या पट्ट्यांसाठी फॉइल. ते इतकं पातळ असतं की श्वास जोरात सोडला तरी उडतं, पट्टीवर ठेवायचं, टूथपिकने कडेकडेने दाबत जायचं, खालची रेघ उमटली की कोऱ्या ब्लेडने एका दमात कापायचं आणि ब्लेड जरा बोथट असेल तर कापलं न जाता फाटतं आणि पहिल्यापासून सुरू. एका बाजूला चार संध्याकाळी गेल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी करणं जास्त अवघड आहे, कारण तिथे बरोबर काय ते ठरलेलं असतं. कस्टममध्ये, म्हणजे आपल्या मनाप्रमाणे कापून बदललेल्या गाडीत, चूक झाली तर ती स्टाईल म्हणून खपून जाते. डेट्रॉइटच्या त्या लोकांनी जे घडवलं ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीये, निदान आठ इंचात तरी ते नीट राहावं.

कानस, कोल्हापूर

पत्रेवाला, तुमचं फॉइलचं काम मी पाहिलंय, त्याबद्दल आदरच आहे. पण "स्टाईल म्हणून खपून जाते" हे वाक्य मला लागलं. तुम्ही कधी छप्पर कापलंय का?

कसं असतं सांगतो. १/२५ मध्ये गाडीचा एक इंच म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. चार इंच कापायचं म्हणजे सगळ्या खांबांतून चार-चार मिलिमीटर काढायचे. पण पुढचा खांब तिरका असतो, मागचाही तिरका, त्यामुळे छप्पर खाली आणलं की खांबांची तोंडं एकमेकांवर येतच नाहीत. मग छप्पर मधून आडवं कापा, पुढचा भाग पुढे मागचा मागे सरकवा, मधल्या फटीत प्लास्टिकची पट्टी भरा, पुट्टी, ४०० चा पाणीपेपर, प्रायमर, प्रायमर मारल्यावर दिसतं की खड्डा राहिलाय, पुन्हा पुट्टी. किटमधल्या काचा तर एकही बसत नाही, पारदर्शक शीट कापून सगळ्या नव्याने कराव्या लागतात. आणि दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकल्या तरी समोरून गाडी लकवा मारल्यासारखी दिसते. ही चूक कुठल्याच स्टाईलमध्ये खपत नाही.

कँडीचंही तेच. खाली चांदी, वर पारदर्शक रंगाचे थर, एक थर जास्त बसला तिथे गडद पट्टा पडतो. तो लपवता येत नाही, सगळं उतरवून परत सुरू करायचं.

आणि इतिहासाचं बोलायचं तर एएमटी या अमेरिकन किट कंपनीने १९५८ साली जी थ्री-इन-वन किटं काढली त्यात एकाच डब्यात स्टॉक (कारखान्यातून निघाली तशी), कस्टम आणि रेसिंग असे तीन प्रकारचे पार्ट असायचे. म्हणजे कापाकापी ही कोणी नंतर आणलेली विकृती नाही, पहिल्यापासून डब्यातच होती. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी कॅलिफोर्नियात १९५१ ची मर्क्युरी कापून हिरोहाता मर्क नावाची गाडी केली, छप्पर खाली, मधला खांब काढलेला, दोन हिरव्या रंगांत. २०१५ साली पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला तिच्या वर्गात पहिलं बक्षीस मिळालं, आणि तिथे जुन्या गाड्यांची पारख किती कडक असते ते तुम्हाला माहितीये. डेट्रॉइटने गाडी विकली तिथे तिची गोष्ट संपली नाही हो. ज्या पोरांनी ती सेकंडहँड घेऊन गॅरेजमध्ये कापली त्यांचीही ती तेवढीच आहे.

निळी शाई

दोघांनाही विचारते, जुनं सीलबंद किट असेल तर ते बांधावंच का? माझ्या मामांकडे साठच्या दशकातला एक डबा आहे, प्लास्टिकही फाडलेलं नाही. मला तो तसाच ठेवावासा वाटतो.

कानस, कोल्हापूर

नाही पटत. किट बांधायसाठी असतं. मामांना विचारा, त्यांनी घेतलं तेव्हा कपाटात ठेवायला घेतलं होतं का.

तळ्याकाठी, मिशिगन

मी एएमटी जिथे होती त्या ट्रॉयपासून अर्ध्या तासावर राहतो आणि कामही गाड्यांच्याच क्षेत्रात, त्यामुळे या विषयावर राहवत नाही. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असतं, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं आणि दिवसभर गाड्या बघायच्या. कारखान्यासारखी जपलेलीही असते आणि तिच्या मागोमाग छप्पर कापलेलीही, आणि दोन्ही मालक एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघतात.

पण निळी शाईंच्या प्रश्नावर मी कानस यांच्या विरोधात आहे आणि त्याला कारण आहे. पन्नास-साठच्या दशकात दरवर्षी नव्या मॉडेलची किटं निघायची. मूळ धंदा होता शोरूमसाठीच्या प्रोमो गाड्यांचा, गाडीच्या खऱ्या रंगातली छोटी प्लास्टिकची गाडी डीलरकडे मिळायची, किटं त्याच साच्यांतून आली. पुढच्या वर्षी खरी गाडी बदलली की साचाही बदलून नव्या वर्षाचा करायचे. स्टील महाग, दुसरा साचा कोण करणार. काही साचे नंतर रेसिंगच्या गाड्यांसाठी बदलले. म्हणजे त्या वर्षाची साधी, कारखान्यातली गाडी त्या साच्यातून पुन्हा निघणं बंदच झालं. आज अशा गाडीचा डबा कोणाकडे असेल तर तो मोजक्यांपैकी एक आहे. तो कापणं मला चूक वाटतं. बांधा, पण स्टॉक बांधा, किंवा बॉडीचा रबरचा साचा घेऊन रेझिनमध्ये कॉपी ओता आणि ती कॉपी हवी तशी कापा.

सत्तावन्नची बेल एअर मात्र दुकानात आजही मिळते, पुन्हा पुन्हा निघते. ती कापल्याने जगातून काही कमी होत नाही, तिथे पत्रेवाला यांचं दुःख मला कळतं पण पटत नाही.

अजून एक. माझ्या शेजारच्या आजोबांकडे पन्नासच्या सुरुवातीची एक प्रोमो आहे, त्या काळच्या ॲसिटेट प्लास्टिकची. ते प्लास्टिक वर्षांनुवर्षं आकसतं, वाकतं. बॉनेट तव्यावरच्या पापडासारखं मधून वर आलंय. त्यांनी तिला हातही लावलेला नाही, तरी ती आता कारखान्यासारखी राहिलेली नाही. नुसतं जपून सगळं टिकतं असं नाही.

शिवडीकर

सगळं वाचलं आणि एक विचारायचं आहे. तुम्ही सगळे स्टॉक स्टॉक म्हणताय ते कुठलं स्टॉक?

माझे आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९२८ ला तिथे गाड्या जोडायला सुरुवात झाली आणि १९५४ ला कंपनीने गाशा गुंडाळला, आजोबा शेवटपर्यंत होते. तिकडे कुर्ल्याला वालचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, त्यांचे दोन मित्र तिकडे गेले. आजोबा कायम "शेवरलेट"च म्हणायचे. ५१ ची शेवरलेट, चार दाराची, उजव्या हाताला स्टीअरिंग, त्यांच्या हातून किती गेल्या असतील. आमच्याकडे एक फोटो आहे, गाडीच्या दारावर हात ठेवून उभे आहेत, हाफ पँट, डोक्यावर टोपी, आणि खिडकीतून स्टीअरिंगचं चाक दिसतंय, आपल्या बाजूला.

मला ती गाडी करायची आहे. एएमटीचं ५१ चं किट मागवलं, तर ते दोन दाराचं बेल एअर, डावीकडे स्टीअरिंग. चार दाराचं कुठे मिळतच नाही, बहुतेक सगळी किटं दोन दाराचीच, कारण अमेरिकेतल्या पोरांना तीच हवी असायची. आता पत्रेवाला यांच्या नियमाने डब्यातलं जसंच्या तसं बांधलं तर ती आजोबांची गाडी होत नाही. त्यांची करायची तर दार भरायचं, नवी दोन कोरायची, मधला खांब उभा करायचा, छप्पर बदलायचं, डॅशबोर्ड तीन तुकड्यांत कापून मीटर उजवीकडे आणि हातमोज्यांचा कप्पा डावीकडे न्यायचा. म्हणजे कानस यांच्यापेक्षा जास्त कापाकापी. आणि हे सगळं करून मी पोचणार कुठे, तर एका साध्या, बिनक्रोमच्या, कारखान्यातून निघालेल्या गाडीपाशी. मग हे कस्टम का स्टॉक?

पत्रेवाला, पुणे

शिवडीकर, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि उत्तर द्यायला सकाळ झाली. माझी चूक झाली, मी स्टॉक म्हणताना डब्यावरचं चित्रच डोळ्यासमोर धरलं होतं. तुमच्यासाठी खरं काय ते त्या फोटोत आहे. त्यासाठी करवत लावायची तर लावा, माझी काही हरकत नाही, उलट मला त्यात मदत करायची आहे.

कानस, ते "खपून जाते" मी मागे घेतो. छप्पर कापायचं काम मी केलेलं नाही आणि न करता बोललो. पण शेपट्यांचं मी मागे घेत नाही. शिवडीकर कापतायत ते एका गाडीपर्यंत जायला, आणि त्या जांभळ्या गाडीत मला कुठली गाडी दिसलीच नाही.

कानस, कोल्हापूर

ज्याने केली त्याला दिसली असेल ना. मनात असलेली गाडी ही पण गाडीच. असो, यावर आपलं जमणार नाही.

शिवडीकर, दारांबद्दल सांगतो. जुन्या रेघा पुट्टीने भरू नका, पुट्टी आकसते आणि सहा महिन्यांनी रंगाखालून रेघ परत दिसते. पातळ प्लास्टिकची पट्टी रेघेत चिकटवा, दोन दिवस वाळू द्या, मग घासा. नवी दारं कोरायला जाड टेप लावून तिच्या कडेने ब्लेडची मागची बाजू हलक्या हाताने ओढायची, पहिले दहा फेरे तर वजन अजिबात द्यायचं नाही. सुरी पुढच्या बाजूने धरली की घसरलीच समजा.

शिवडीकर

आणि मधला खांब? बेल एअरच्या छपराला तो नाहीच, शिवाय मागचा उतार पण वेगळा आहे.

पत्रेवाला, पुणे

खांब दोन मिलिमीटरच्या पट्टीचा करा, आतून दाराच्या खाली तळापर्यंत न्या म्हणजे छपराचं वजन पेलेल. छपरासाठी थांबा जरा, माझ्याकडे ५१ चीच एक फुटलेली बॉडी पडून आहे, तिचं छप्पर शाबूत आहे. पाठवतो, म्हणजे एकावर हात साफ करून घ्या आणि मग दुसरं कापा. आजोबांच्या फोटोत मागच्या काचेची कड दिसत असेल तर तेवढा भाग मोठा करून टाका इथे, उतार त्यावरून मोजू. आणि रंगाची घाई नको, पावसाळ्यात ड्युको, म्हणजे गाड्यांचा लॅकर रंग, मारला की दमटपणाने पांढुरका पडतो, दसऱ्यापर्यंत प्रायमरवरच ठेवा.