चित्रकला चांगली, गणित कच्चं: अर्ज कुठे कुठे भरावेत?

प्रश्न: मुलगी बारावीत आहे. युसीड (आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा), एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), बीएफए (ललित कलेची पदवी) सगळीकडे अर्ज भरायचा का?

उत्तर १: भरा, पण एकाच परीक्षेच्या भरवशावर राहू नका. दोन अवघड, दोन आवाक्यातल्या, आणि एक हमखास प्रवेश मिळेल असं कॉलेज. युसीडचा अ भाग संगणकावर असतो; त्यात कटऑफ हुकला तर ब भागातलं चित्र तपासतच नाहीत! घडी घातलेला कागद, फिरवलेला ठोकळा असले प्रश्न रोज सोडवा. आकडा लिहायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, एकही कोरा सोडू नका.

उत्तर २: बीएफएची सीईटी वेगळी, तिचा फॉर्म विसरू नका. तिच्यातल्या स्मरणचित्रात (आठवणीतून काढायच्या चित्रात) विद्यार्थी माणसं इवलीशी काढतात, पान रिकामं दिसतं. पुढची आकृती मोठी घ्या.

उत्तर ३: हमखास कॉलेजची फी आधी बघा. परवडत नसेल तर ते हमखास कसलं?