टॉरीचा वस्तरा: १००० च्या दगडाची घाई नको

एकाने विचारलंय, लिलावात मिळालेला जे. आर. टॉरीचा (वूस्टर, मॅसॅच्युसेट्स इथली जुनी वस्तरा-कंपनी) वस्तरा केस ओढतो, तर थेट १००० च्या दगडावर (आकडा जितका लहान, तितका धारेचा दगड खरखरीत) घ्यावा का? माझं मत, आधी नाही.

धारेच्या उतारावर (धारेलगतच्या घासलेल्या तिरक्या पट्टीवर) मार्करची शाई लावा आणि ८००० च्या दगडावर वजन न देता वस्तरा एक-दोनदा फिरवा. कणा (पात्याची जाड पाठ) आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कोन कणाच ठरवतो. शाई अगदी धारेच्या कडेपर्यंत पुसली गेली, तर उतार शाबूत आहे. ८००० आणि मग चामड्याचा पट्टा, एवढ्यावर काम भागेल. कडेशी शाई उरली तरच १०००. उगाच पोलाद झिजवू नका, ते परत येत नाही. कणा एका बाजूने जास्त झिजलेला असेल, तर त्यावर विजेच्या टेपचा एक थर द्या.

पट्ट्यावर कणा पुढे, धार मागे. उलटवताना कण्यावरूनच, नाहीतर पट्टा कापलाच म्हणून समजा.

अजून एक, मूठ सेल्युलॉइडची (एक जुनं प्लास्टिक) असेल तर वस्तरा बंद डब्यात ठेवू नका. ते कुजलं की त्यातून निघणारा वायू पात्याला गंजवतो, शेजारच्या वस्तऱ्यांनाही.