मदत हवी आहे: १:१४४ मापाचं नॅट, रेझिन किट – वाकलेले पंख आणि चाकांचे पाय

लष्करकर:

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, इथल्या लष्कर भागात राहते. विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचा छंद जुना आहे, पण आजवरची सगळी किट प्लास्टिकची आणि १:७२ मापाची, म्हणजे खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान. आता पहिल्यांदाच रेझिनचं किट हातात घेतलंय, तेही १:१४४ चं. विमान आहे फॉलंड नॅट, एक छोटं लढाऊ जेट. मुळातच इतकं लहान विमान की या मापात लांबी जेमतेम ६१ मिलिमीटर, पंखांचा विस्तार ४७ आणि उंची १७. चाकं साबुदाण्याएवढी.

कोणासाठी करतेय ते आधी सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आलेत. माझे मोठे काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते आणि उमेदीची वर्षं त्यांनी नॅटवर काम करण्यात घालवली. आमच्या गावात विमान म्हटलं की मिराज लढाऊ विमानं. १९८५ मध्ये ती हवाई दलात आली तेव्हापासून महाराजपुऱ्याचा तळ आणि मिराज हे समीकरणच झालंय, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की मिराज का नाही करत. पण काकांचं विमान नॅट. बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) परवान्यावर बांधलेलं, पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांना १९६५ आणि १९७१ मध्ये भारी पडलेलं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सेबर चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊनच उडाले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. काका हे नाव घेतात तेव्हा आजही ताठ बसतात.

आता अडचणी. पहिली, पंख. किट ऐन मे महिन्यात पोस्टाने आलं. त्या दिवसांत इथे पारा ४५ च्या आसपास असतो. खोका उघडला तर डावा पंख उजव्यापेक्षा जास्त खाली झुकलेला आणि टोकाला पिळलेला. गरम पाण्यात धरून सरळ करतात एवढं माहीत आहे. पण नॅटचे पंख मुळातच मुळापासून टोकाकडे थोडे खाली उतरतात. मग यातला वाक मूळचा किती आणि उन्हाचा किती हे ओळखायचं कसं? सरसकट सरळ केला तर नॅटचा चेहराच जाईल.

दुसरी, चाकांचे पाय. किटमधले पाय रेझिनचेच आहेत, शिवणाच्या सुईइतके बारीक. विमानाचं धड भरीव ओतलेलं. हे पाय ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते वजन पेलतील असं मला वाटत नाही.

तिसरी, ओतीव ठोकळे. प्रत्येक भागाला साच्यात रेझिन ओततानाचा जाड ठोकळा चिकटलेला आहे. तो कापायची बारीक करवत इथे मिळत नाही. दुसरं काय वापरता येईल?

आणि डिकल, म्हणजे विमानावर लावायची छापील चिन्हं, पिवळे पडलेत. आगाऊ धन्यवाद.


राजवाडा_इंदूर:

सुंदर विषय. मला विचाराल तर चाकं मिटलेली करा आणि विमान स्टँडवर लावा. १:१४४ मध्ये बरेच जण तेच करतात. पायांचा प्रश्नच उरत नाही, आणि नॅट हवेत दिसतंही झकास.


लष्करकर:

सूचना मनापासून पटण्यासारखी आहे, पण या विमानासाठी नाही करणार. काकांनी नॅट पाहिलं ते जमिनीवर उभं. पहाटे त्याच्या पोटाखाली वाकून तपासणी करायची, वैमानिकाला बसवायचं, आणि ते परत आलं की पुन्हा त्याच्याखाली जायचं. त्यांचं काम विमान उभं असतानाचं. ज्या माणसाने इतकी वर्षं ती चाकं आणि ते पाय सांभाळले, त्याच्या हातात चाकं मिटलेलं नॅट द्यायचं मला पटत नाही. ते आपल्या पायांवर उभं राहिलंच पाहिजे.


सयाजीगंज:

वडोदऱ्याहून नमस्कार. ताई, पंखांबद्दल तुमची शंका अगदी योग्य आहे आणि उत्तर सोपं आहे. नॅटचा पंख खाली उतरतो तो मुळाशी, जिथे तो धडाला मिळतो तिथे. पंख स्वतः मुळापासून टोकापर्यंत सरळच असतो. म्हणजे दोन्ही पंख वेगवेगळे घेतले तर काचेवर दोन्ही सपाट बसायला हवेत. जो बसत नाही तो वाकलेला. उतार नंतर जोडताना द्यायचा.

पाणी उकळू नका. वाफ येऊ लागली की गॅस बंद करा आणि पंख चिमट्यात धरून काही सेकंद बुडवा. एवढा पातळ भाग लगेच नरम होतो. मग सपाट काचेवर ठेवून वरून दुसरी काच हलकेच दाबा आणि तसाच थंड पाण्यात घाला. रेझिन गरम झालं की बऱ्याचदा ओतलेल्या आकाराकडे आपोआप परततं, त्यामुळे जोर लावायची गरज पडणार नाही. पिळलेलं टोक जिद्दी असेल, पुन्हा बुडवावं लागेल.

उतारासाठी समोरून दिसणारं रेखाचित्र १:१४४ ला छापून घ्या. छापल्यावर पंखांचा विस्तार ४६.७ मिलिमीटर भरतो का ते मोजा, प्रिंटर हमखास लहान-मोठं करतात. त्या चित्रावरून पुठ्ठ्याचा आधार कापा, पालथं विमान त्यात बसवा आणि दोन्ही पंख एकाच बैठकीत जोडा. डावा आज आणि उजवा उद्या असं केलंत की दोन्हींचा उतार सारखा येणं कठीण.


बारीककाम:

ठोकळ्यांसाठी सराफ्यात जा. सोनार जाळीकामाला वापरतात ती केसासारखी पाती असलेली करवत सोनारी हत्यारांच्या दुकानात मिळते, डझनाच्या हिशोबाने आणि स्वस्त. तिथेच बारीक ड्रिल आणि ते हाताने फिरवायचं हँडलही मिळेल. ०.३ आणि ०.४ मिलिमीटरची ड्रिल भरपूर घेऊन ठेवा, तुटतातच. कापताना भागाच्या अगदी लगत जाऊ नका. थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेलं घासून काढा. ४०० नंबरचा वॉटर पेपर काचेवर पसरून, पाणी घालून, त्यावर भाग फिरवायचा.

पाणी घालून हे मी मुद्दाम म्हणतोय. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाणं वाईट आहे. ओलं घासा, करवत चालवताना एन-९५ मास्क लावा आणि ज्या खोलीत जेवता तिथे हे काम करू नका. यात सवलत नाही.

जोडायच्या आधी सगळे भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, जुन्या मऊ टूथब्रशने. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर वर राहतो, त्यावर रंग धरत नाही. गाळणीत धुवा म्हणजे चाकं मोरीत जाणार नाहीत.

प्लास्टिकच्या किटचा गम इथे चालणार नाही. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यात विरघळत नाही. फेविक्विक किंवा अराल्डाइट वापरा. फेविक्विक सुईच्या टोकावर घेऊन लावा, ट्यूबमधून थेट कधीच नाही. मात्र कॅनपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, जवळ ते आणू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग दुधाळ होतो. कॅनपीला फेविकॉल एमआर. वाळल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या ब्रशने निघतं.

पायांबद्दल तुमचा निर्णय बरोबर आहे. रेझिनचे पाय कालांतराने बसतात, उन्हाळ्यात तर लवकर. ते फक्त नमुना म्हणून ठेवा आणि तारेचे करा. गिटारची सगळ्यात बारीक पोलादी तार साधारण पाव मिलिमीटरची असते. तेवढी पुरे, कारण अख्खं विमान काही ग्रॅमचंच भरेल.


लष्करकर:

बारीककाम, सयाजीगंज, किती आभार मानू. गिटार घरात नाही पण तानपुरा आहे. ग्वाल्हेरात तो नसलेलं मराठी घर शोधावं लागेल. त्याच्या जोडाच्या पोलादी तारा मी नेहमी जास्तीच्या आणून ठेवते. व्हर्नियरवर मोजली तर ०.३ च्या आसपास भरली. ही चालेल ना?

आणि पायांची चौकशी करायला काकांकडे गेले तर एक फार कामाची गोष्ट कळली. नॅटच्या मुख्य चाकांची दारं पायांनाच जोडलेली असतात. हवेत वेग कमी करायचा असला की पाय अर्धवट खाली सोडायचे, तीच दारं वाऱ्याला आडवी येऊन ब्रेकचं काम करतात. वेगळे एअरब्रेक नाहीतच. म्हणजे विमान उभं असतानाही दार पायालाच धरून लटकणार. किटच्या कागदावर मात्र दारं पोटाला चिकटवायला सांगितलंय. काकांनी ते पाहिलं आणि पेन्सिलीने खोडून बाजूला बरोबर चित्र काढून दिलं.


बारीककाम:

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तुमचा अर्धा प्रश्न सोडवला. दार पायाला जोडलेलं असेल तर तार एकटी राहत नाही. तार आणि दाराची कड लांबच्या लांब अराल्डाइटने जोडा, पाय दुपटीने भक्कम होईल आणि तारही बाहेरून फारशी दिसणार नाही. किटमधली दारं जाड असतील तर पातळ प्लास्टिक शीटमधून नवी कापा.

तानपुऱ्याची तार उत्तम. चांगल्या कटरने कापू नका, धार जाईल. जुना पक्कड घ्या आणि चष्मा घाला, तुकडा जोरात उडतो. नॅटचे मुख्य पाय पंखात नाही, धडात मिटतात, आणि तुमचं धड भरीव आहे, हे फायद्याचं. पाच-सहा मिलिमीटर खोल भोक घ्या. दोन्ही भोकांचा तिरपेपणा सारखा यावा म्हणून पुठ्ठ्याचा कोन कापून ड्रिलच्या शेजारी उभा धरा.


राजवाडा_इंदूर:

मी माझी सूचना मागे घेतो, हे विमान उभंच हवं. डिकलबद्दल सांगतो. पिवळेपणा बहुतेक वेळा वरच्या पारदर्शक थराचा असतो. डिकलचा कागद झिप लावायच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हाने पिवळेपणा उतरतो. मात्र मेच्या उन्हात नको, सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडे थोडे दिवस.

घरच्या प्रिंटरवर नवे छापायचे म्हणाल तर एक अडचण आहे. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. आपल्या हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. चंदेरी विमानावर पांढऱ्याच्या जागी चंदेरीच दिसेल आणि केशरी मळकट होईल. त्यासाठी पांढरा डिकल कागद घ्यावा लागतो, आणि इंकजेटचा असेल तर पाण्यात घालण्याआधी वरून वार्निश. जुने वाचले तर तेच वापरा.


लष्करकर:

कळवते. पंख काचेवर सपाट झाले, डाव्याचं टोकही आलं. पुठ्ठ्याच्या आधारात दोन्ही जोडले, समोरून पाहिलं की आता नॅट वाटतंय. पायांची भोकं घेतलीत, तारा अजून नुसत्या खोचून ठेवल्यात. उन्हाळा अजून सरलेला नाही. अशा हवेत चंदेरी रंग मारावा का? आणि विमान शेपटीवर बसण्याची भीती वाटते.


सयाजीगंज:

दुपारी अजिबात नको. एवढ्या उकाड्यात रंग विमानापर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे, कूलर सुरू करण्यापूर्वी मारा. कूलरची ओल आणि वारा दोन्ही नकोत. पावसाळ्यावर ढकललंत तर लॅकर दमट हवेने पांढुरका होतो, म्हणून प्रायमर आणि चंदेरी आताच उरकून घ्या. हात पातळच ठेवा. या मापात एक जाड हात पॅनेलच्या सगळ्या रेषा बुजवतो.

शेपटीचं म्हणाल तर पाय चिकटवण्याआधी तपासा. मुख्य पाय जिथे येतात तिथे पोटाखाली एक पेन्सिल आडवी ठेवून विमान तोलून बघा. नाक खाली गेलं तर काळजी नाही. शेपटी गेली तर आधी मागची जेटची नळी आतून कोरून खोल करा. तिथलं वजन कमी होतं आणि दिसायलाही ती खरी दिसते. तरी पुरलं नाही तर नाकाखाली पुढच्या चाकाच्या जागेत भोक घेऊन सोल्डरच्या तारेचा तुकडा बसवा. हा तोल जमल्यावरच अराल्डाइट कालवा.