मदत हवी आहे: मारुती 800 (1998), आधीच्या मालकाची ठिगळे कोणत्या क्रमाने काढावीत?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. गाडी कार्बोरेटरवाली, पासिंग 2028 पर्यंत. रोजची फेरी सात-आठ किलोमीटर. आतापर्यंत सापडलेले प्रकार असे:

रेडिएटरचा फॅन बॅटरीवरून थेट वायर ओढून डॅशबोर्डखाली घरगुती पियानो स्विचला जोडलाय, मध्ये फ्यूज नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला आहे, नुसते घर तेवढे शिल्लक. खालचा होस बांधकामाच्या बाइंडिंग तारेने आवळलाय. रेडिएटर रिकामा केला तर पिवळा गाळ निघाला. फ्यूज बॉक्सात दोन ठिकाणी फ्यूजऐवजी तांब्याच्या तारेचा पीळ. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर. ड्रायव्हरच्या पायाखाली फायबर आणि वर डांबर.

मृगाआधी गाडी भरवशाची करायची आहे. सगळे एकदम सोडवावे का?

दहाचा पाना:
एकदम काहीही सोडवू नका. प्रत्येक ठिगळाखाली मूळ बिघाड तसाच असतो. ठिगळ काढले आणि बिघाड राहिला, तर गाडी रस्त्यातच उभी राहणार.

तो पिवळा गाळ बहुधा हळदीचा. रेडिएटर गळायला लागला की हळदपूड टाकायचा जुना उपाय आहे. गळती काही दिवस थांबते, पण पूड बारीक नळ्यांत बसते. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापते, कोणीतरी थर्मोस्टॅट काढतो, दुसरा कोणी फॅन थेट बॅटरीला जोडतो. म्हणजे तुमच्या यादीतले तीन प्रकार बहुतेक एकाच गळतीची पोरे आहेत.

तरी पहिला हात वायरिंगला घाला, कारण तिथे आग लागते. तांब्याचे पीळ आजच काढा आणि झाकणावर लिहिलेल्या ॲम्पिअरचाच फ्यूज घाला. तो उडाला तर मोठा घालू नका, त्या सर्किटमध्ये वायर कुठे घासते ते शोधा. पियानो स्विचची वायर बॅटरीच्या टोकाशी सोडवून ठेवा. फॅन मूळ वाटेने चालेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

मग अर्थ तपासा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी असलेली जोडणी. आपल्या खाऱ्या हवेत बरेच इलेक्ट्रिकल दोष तिथेच निघतात. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. 0.5 व्होल्टच्या वर गेले तर अर्थची पट्टी खराब. हेडलाइट लावून निगेटिव्ह ते बॉडी मोजा, तिथे 0.2 च्या आत हवे. जोड सोडवून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून लावा.

बॅटरी उतरते त्यासाठी: निगेटिव्ह केबल काढून मीटर 10 ॲम्पिअरच्या खाचेत मध्ये जोडा. दारे बंद, चावी बाहेर. 50 मिलिॲम्पिअरच्या आत हवे. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटर जळेल. मग एकेक फ्यूज काढून आकडा कुठे पडतो ते पाहा.

फॅनसाठी थर्मो-स्विचचे (पाणी तापले की फॅन सुरू करणाऱ्या स्विचचे) कनेक्टर काढा, चावी ऑन करून दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. फॅन फिरला तर स्विच गेलाय.

म्हापशेकर:
मोजले. 310 मिलिॲम्पिअर, सगळे फ्यूज काढले तरी तेवढेच. पियानो स्विचची वायर आधीच सुटी आहे. थर्मो-स्विचच्या वायरी जोडल्या तर फॅन फिरत नाही, पण बॅटरीवरून थेट दिला की फिरतो.

खाजनातला वारा:
फ्यूज काढूनही आकडा पडत नाही, म्हणजे वीज फ्यूज बॉक्सच्या आधीच जाते. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) संशय घ्या. निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर आतला डायोड गळतोय. ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढाच भाग बदलून देतो, अख्खा अल्टरनेटर घेऊ नका.

फॅनची मोटर ठीक आहे. नवी वायर ओढताना मूळ वायर कापली असणार, फॅनच्या कनेक्टरपासून हातभर अंतरात टेप सोलून बघा. हिरवे पडलेले तांबे सापडले तर ते चांगल्या तांब्यापर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा क्रिम्प करा आणि हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती टेप पावसाळ्यात सुटते.

दहाचा पाना:
आता पाण्याची बाजू. रेडिएटर घरी फ्लश करून ही हळद निघणार नाही. रेडिएटरवाल्याकडे टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या आणि मूळ गळती तिथेच प्रेशर देऊन शोधा. हीटरची जाळी उलट्या दिशेने पाण्याने धुवा. होस बदला, तारेच्या जागी स्क्रूवाली क्लिप घाला, कारण तार रबरात रुतून कापते. रेडिएटरची टोपी बदलताना जुनीवरचा दाबाचा आकडा जुळवा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात गरम करून पाहा. त्यावर छापलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे. भरताना विहिरीचे पाणी नको, समुद्राजवळच्या विहिरीचे तर मुळीच नको. कूलंट घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर अर्धे-अर्धे, तयार मिश्रण असेल तर तसेच. हीटर गरमवर ठेवा, टोपी उघडी ठेवून थंड इंजिन चालू करा आणि फॅन दोनदा फिरून थांबेपर्यंत पातळी भरत राहा. एकदा टोपी बंद केली की मात्र तापलेल्या इंजिनवर ती उघडू नका.

ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा थर थर्मोस्टॅट नसल्याने असू शकतो: सात-आठ किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापत नाही, ओल आतच राहते. पण थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले किंवा डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधले सील) गेले समजा. ते आधी पाहा, नाहीतर रेडिएटरचा खर्च वाया.

खाजनातला वारा:
पायाखालच्या तळाचे काम शेवटी करा, पण टाळू नका. डांबराखाली पाणी अडकते आणि पत्रा आतून कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोचा, जिथे आत जातो तिथून चार बोटे पुढेपर्यंत कापून नवा पत्रा वेल्ड करायला टिंकरला सांगा. सीटच्या बोल्टाजवळ किंवा जॅक लावतात तिथे कुजले असेल तर फायबरवर अजिबात समाधान मानू नका. वेल्डिंगपूर्वी बॅटरी, कार्पेट आणि सीट बाहेर काढा. दारांच्या खालच्या कडेची, पाणी निघून जाण्याची भोकेही बघा. पुट्टी मारून बुजवली असतील तर 3 मिलिमीटरच्या ड्रिलने मोकळी करा.

म्हापशेकर:
अल्टरनेटरची वायर सोडवली, आकडा 20 वर आला. थंड इंजिनवर बुडबुडे नाहीत, ऑइलही वाढलेले नाही. रेडिएटर उद्या काढतो. देव बरें करूं.