तीच गोळी परत घेऊ का? लवकर सांगा

कुंदफूल: मार्चपासून तिसऱ्यांदा झालंय. आधी दोन्ही वेळा बुरशीवरच्या फ्लुकोनाझोल १५० ची एकच गोळी घेतली, चार दिवसांत मोकळी झाले. आता पुन्हा सुरू. घरात पाहुणे आहेत, दवाखान्यात जाणं शक्य नाही. तीच गोळी परत घेतली तर चालेल ना? फक्त हो किंवा नाही सांगा प्लीज.

सांजवात: काय झालंय ते लिहिलंच नाहीत. गोळीवरून ओळखायचं का आम्ही?

कुंदफूल: अहो, अंगावरून पांढरं जातंय आणि खाज. दुसरं काय असणार!

सांजवात: बरंच काही असू शकतं. पांढरं म्हणजे कवडी दह्यासारखं घट्ट, की पातळ? वास? वय? दिवस गेलेले नाहीत ना? गेले असतील तर ही पोटात घ्यायची गोळी नकोच, तेव्हा बुरशीवरच्याच क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या देतात, त्याही डॉक्टरांना विचारून.

शतपावली: ताई, ही श्वेतप्रदराची तक्रार. पुष्यानुग चूर्ण मधात कालवून तांदळाच्या धुवणाबरोबर घ्या. माझ्या आईने आयुष्यभर हेच दिलं सगळ्यांना. गोळ्यांनी रोग दबतो, जात नाही.

निशिगंध_८२: मी दोन वर्षं बुरशीच समजून गोळ्या गिळल्या. खाज फारशी नव्हतीच. पातळ राखाडी जायचं आणि मासळीसारखा वास, संबंधानंतर तर जास्तच. शेवटी एका डॉक्टर बाईंनी तपासलं तर बीव्ही, म्हणजे जंतूंचा तोल बिघडलेला. मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून दोनदा, सात दिवस. बुरशीची गोळी त्यावर काडीचं काम करत नाही. तेव्हा वासाचं आधी सांगा.

कुंदफूल: वास नाही. घट्ट आहे. वय ४४. दिवस वगैरे काही नाही. लघवी करताना बाहेरून आग होते. आता सांगाल का?

रानवारा: आग होते म्हणजे युरिन इन्फेक्शन. लघवी कल्चर करा, भरपूर पाणी प्या, जवाचं पाणी उत्तम.

सांजवात: रानवारा, त्या 'बाहेरून' म्हणाल्यात. सोललेल्या कातडीला लघवी लागली की झोंबतं.

चिमणचारा: मी डेटॉल घालून कोमट पाण्याने आतून धुते. आजवर काही झालेलं नाही.

निशिगंध_८२: बाई गं! आतून धुवायचं नसतं. तिथले चांगले जंतू आम्ल तयार करतात, त्यानेच बाकीचे आटोक्यात राहतात. ते धुऊन टाकलं की बीव्हीला आमंत्रण. बाहेरून साधं पाणी पुरे. ते सुगंधी वॉशही नकोत.

मेडिकल_काउंटर: माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून लिहितो. काउंटरवर नवऱ्याला चिठ्ठी देऊन पाठवतात, 'खाजेची ट्यूब'. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. दोन दिवस खाज थांबते आणि खाली बुरशी फोफावते. ताई, ट्यूब लावताय का? आणि पिवळं-हिरवं फेसाळ जात असेल तर प्रकरण तिसरंच, ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर परत येतं.

कुंदफूल: ट्यूब नाही. पिवळं नाही. शुगरच्या गोळ्या सोडून बाकी काही चालू नाही.

सांजवात: शुगर!! हे आत्ता सांगताय?

कुंदफूल: त्याचा इथे काय संबंध? ती सहा वर्षं आहे. आणि आता कमी यावी म्हणून डॉक्टरांनी फेब्रुवारीत नवीन गोळीही वाढवलीय.

मेडिकल_काउंटर: नाव बघा पाकिटावर. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का?

कुंदफूल: डापा... हो, तीच. आणि सकाळची ग्लिमेपिराइड.

मेडिकल_काउंटर: सापडलं बहुतेक. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. ती साखर तिथेच लागते आणि बुरशीचं आयतंच फावतं. फेब्रुवारीत गोळी, मार्चमध्ये त्रास. पण आपल्या मनाने बंद करू नका, ती हृदय-किडनीसाठीही देतात. दुसरी गोष्ट, फ्लुकोनाझोलने ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो, साखर एकदम उतरू शकते.

कुंदफूल: अगं बाई. मागच्या वेळी दुपारी दरदरून घाम आला, हात थरथरत होते. मी म्हटलं ऊन लागलं.

शतपावली: म्हणून म्हणत होतो, गोळ्या नकोत!

निशिगंध_८२: आणि शुगरवालीला तुम्ही मध सांगितलात, दादा.

शतपावली: औषधात चमचाभर मधाने काही होत नाही. तुम्हा लोकांना आपलं ते सगळं टाकाऊच वाटतं.

रानवारा: खरं कारण नायलॉनच्या चड्ड्या. आणि त्या साडीखाली, टॉवेलखाली लपवून वाळत घालायच्या! ऊन लागतच नाही.

चिमणचारा: +१. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत. मी इस्त्री फिरवते.

सांजवात: इस्त्रीचा वेगळा धागा काढा. कुंदफूल, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, स्वॅब, म्हणजे तपासायला आतल्या स्रावाचा नमुना, घेऊ द्या. फी जड वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट. पांढरं जाण्यासाठी हिरवं किट देतात, त्यात जंतूंवरचं सेक्निडाझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल.

चिमणचारा: ते गुप्तरोगवाल्यांचं ना? कोणी पाहिलं तर?

सांजवात: खोकल्याच्या रांगेत कोणी पाहिलं तर चालतं ना.

कुंदफूल: (नऊ दिवसांनी) जाऊन आले. स्वॅबमध्ये बुरशीच निघाली. पोटात काही दिलं नाही, सात रात्री क्लोट्रिमाझोल आत ठेवायला दिलंय. बाई म्हणाल्या, यापुढेही येत राहिलं तर सहा महिने आठवड्याला फ्लुकोनाझोलची एक गोळी असा कोर्स असतो, पण तो शुगरवाल्या डॉक्टरांशी बोलून. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९, म्हणजे जास्तच आली. डापा बदलायची का ते डॉक्टर सोमवारी सांगणार. खाज थांबली आहे. सगळ्यांना थँक्यू, सुरुवातीला चिडले त्याबद्दल सॉरी.

सांजवात: पाहुणे गेले का?

कुंदफूल: नाही ना!